बँड नसलेली मुलगी

मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे सातवीची मुलं जमलेली पाहून पाध्येबाई तिकडे गेल्या. शाळेत नवीन आलेली रेवा भिंतीला टेकून रडत होती आणि मुलं एकेक करून पुढे येऊन तिला चापट मारत होती, अगदी शांतपणे.

बाई हादरल्याच. मुलांच्या मनगटांवर बँड आल्यापासून शाळेत मारामारी उरली नव्हती. ज्याला मार बसे, त्याच्या बँडमधून तेवढीच कळ मारणाऱ्याच्या हातात जाई. मूल्यशिक्षणाचा तास तेव्हाच बंद झाला होता. रेवाचा बँड मात्र अजून यायचा होता.

"अरे, तिनं काय केलंय तुमचं?"

"काहीच नाही," वर्गातला सगळ्यांत गुणी मुलगा शौनक म्हणाला. "बाई, हिला मारलं तर दुखतच नाही."

"तिला दुखतंय ना!"

मुलं गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली. बाईंनी रेवाला पाठीशी घेतलं. का मारू नये, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्दच सुचेनात. इतक्या वर्षांत ते कुणाला सांगावं लागलंच नव्हतं.

शौनक त्यांच्या मनगटाकडे निरखून पाहत होता.

"बाई," त्यानं अदबीनं विचारलं, "तुम्हालाही बँड नाही?"