घेण्यास नकार

पोस्टमननं परत आणलेलं पाकीट हातात घेतलं आणि पाकीटवाले काका खुर्चीतून ताडकन उठले. पाकिटावर निळ्या पेन्सिलीनं आडवं लिहिलं होतं, ‘घेण्यास नकार’. खाली बहिणीची सही.

“अहो, पैसे आता तुम्हाला भरावे लागतील,” पोस्टमन म्हणाला.

“घ्या की! आनंदानं घ्या!”

पोस्टमन चक्रावून गेला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तिकीट न लावता पेटीत टाकलेलं पाकीट पोस्ट दुप्पट पैसे घेऊन पोचवतं, आणि त्यावर त्या वसुलीचा शिक्का मारतं. तो शिक्का म्हणजे काकांचा जीव की प्राण. त्यासाठी वर्षानुवर्षं ते लांबच्या गावी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला बिनतिकिटाची पाकिटं पाठवत. पाकिटाला चुणी पडू नये म्हणून आत एक कोरा कागद. ती बापडी पैसे भरून ती सोडवून घ्यायची, कडेनं कात्रीनं अलगद उघडायची आणि काका भेटायला गेले की गठ्ठा हातात ठेवायची. ‘नको’ म्हणून तिनं कधी पाकीट परत पाठवलं नव्हतं.

टपाल-संग्राहक मंडळाचे सेक्रेटरी समोरच चहा पीत बसले होते. त्यांनी कप बाजूला सारला आणि खिशातून भिंग काढलं.

“बाप रे! शिक्का, नकार, सही, आणि वर न उघडलेलं! अरे, लोक आयुष्यभर शोधतात असलं पाकीट. नशीब काढलंस लेका!”

“आमच्या चिमीची कृपा,” काका म्हणाले. छाती नुसती फुगली होती त्यांची.

तेवढ्यात बायको आतून हात पुसत आली. तिनं पाकीट पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, हे ते गेल्या आठवड्यातलं तर नव्हे? तुम्ही चारदा फाडून पुन्हा लिहिलेलं?”

काकांनी पाकीट बोटांत दाबून बघितलं. जाड लागलं. कोरा कागद इतका जाड लागत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“तिकीट लावलं होतंत ना?” बायकोनं विचारलं.

कसलं तिकीट, कपाळ! मेहुणे वारले त्या आठवड्यात पाकिटांचं प्रदर्शन होतं, म्हणून काका बहिणीकडे गेले नव्हते. ‘येतो, येतो’ म्हणता म्हणता दोन महिने लोटले. शेवटी राहवेना, म्हणून माफी मागायला बसले. ‘चुकलो, आता इकडेच राहायला ये’ असं जन्मात पहिल्यांदा बहिणीला मनापासून लिहिलं. पाकीट डकवलं, पत्ता घातला, पेटीत टाकलं. तिकीट लावायचं हाताला सुचलंच नाही. ते पाकीट तिला नेहमीच्या पाकिटांसारखंच दिसलं, यात तिचा काय दोष?

“त्यात काय एवढं?” सेक्रेटरी म्हणाले. “दुसरं लिही. कागदाला काय तोटा? हे मात्र उघडू नकोस हं. उघडलंस की कवडीमोल.”

काकांना ते पटलंही. लाज वाटली, पण पटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“बघा बाई,” ती म्हणाली. “हे एक लिहायला तुम्हाला दोन महिने लागले.”

काकांनी फोन लावला. पलीकडे खूप वेळ घंटी वाजत राहिली.

“चिमे, मी बोलतोय. पाकीट परत का पाठवलंस गं?”

“रागावलास का रे?” बहिणीचा आवाज थकलेला होता. “पैशाचं नव्हतं रे काही. हे गेल्यापासून रोज वाटायचं, आज दादाचं पत्र येईल. शेवटी आलं, तर बिनतिकिटाचं. मला आत कोरा कागद बघवला नसता, दादा. म्हणून नाही घेतलं.”

सेक्रेटरी खाली मान घालून उगाच भिंग पुसत बसले.

“कोरा नाहीये गं या वेळी.”

“लिहिलंयस?”

“हो. म्हणजे मी असं लिहिलंय की...”

“तोंडी नको,” ती एकदम म्हणाली. “तोंडी तू नेहमीच गोड बोलतोस. लिहिलंयस ते वाच.”

कात्री टेबलावरच होती, पण काकांना ती दिसली नाही. त्यांनी झाकणाखाली अंगठा घातला आणि पाकीट ओढून फाडलं. निळ्या अक्षरांचे दोन तुकडे झाले. “अरे अरे अरे!” सेक्रेटरी ओरडले आणि लगेच ओशाळून गप्प बसले.

काकांनी घड्या उलगडल्या, चष्मा चढवला, घसा साफ केला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ते तिथंच राहिलं.

“दादा, आहेस ना?”

“आहे.”

“किती पानं आहेत?”

काकांनी पानं उलटून पाहिली. “चार. पाठपोट.”

“मग हळू वाच,” ती म्हणाली.