ओळख देणारा

पाचव्यांदाही पासवर्ड चुकला आणि सदाशिवरावांचं खातं बंद पडलं. गुलाबप्रेमींच्या ज्या फोरमवर बारा वर्षं त्यांच्या शब्दापुढं कुणी बोलत नव्हतं, त्याच फोरमनं आता पडद्यावर पाटी लावली होती: आपली ओळख पटत नाही.

गेल्या पंधरवड्यात कुण्या चोरट्यानं साइटमध्ये हात घातला, म्हणून सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले होते. निम्मे सभासद तेव्हाच अडकले. एकानं तर नवा पासवर्ड कुंडीवर खडूनं लिहिला आणि पाणी घालताना धुऊन टाकला. सदाशिवरावांनी एकेकाची साल काढली. ज्याला आठ अक्षरं सांभाळता येत नाहीत त्यानं गुलाब सोडून निवडुंग लावावा, असं लिहिलं. स्वतःचा पासवर्ड त्यांनी सोळा अक्षरांचा केला आणि कुठंच लिहून ठेवला नाही. बँकेत तीस वर्षं लोकांना हेच शिकवलं होतं. काल नवा फोन घेतला, नंबरही बदलला, आणि ती सोळा अक्षरं डोक्यातून गेली ती गेलीच.

नेमकं आजच अडायचं होतं. फोरमच्या वार्षिक प्रदर्शनात नव्या जातीची नोंद करायला आज पाचपर्यंतचीच मुदत होती. पाच वर्षं खपून त्यांनी तयार केलेला गुलाब सकाळी पुरता उमलला होता. धुरकट जांभळा, बुडाशी पिवळा. ज्याच्या खात्यावरून नोंद होईल, गुलाब त्याच्या नावानं ओळखला जाणार. खातं नाही तर नाव नाही.

फोरम सांभाळायची ती मोनिका सांडू. शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी करून हौसेनं करायची. सदाशिवरावांनी उस्मानपुऱ्यातून फोन लावून तिला फैलावर घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. नियम त्यांनीच हट्टानं करून घेतलेला होता. बँकेत पूर्वी नवं खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची सही लागायची, तसंच इथं. बंद पडलेलं खातं उघडायचं तर सभासदाला फोरमवर ज्यानं आणलं, त्यानंच व्हिडिओवर समोर बघून सांगायचं, हा तोच. मोनिकानं नोंद काढली. सदाशिवरावांच्या नावापुढं ओळख देणारा म्हणून एकच नाव होतं. बन्सी, चितेगाव.

पैठण रस्त्याला गाडी लागली तरी त्यांची चिडचिड थांबेना. बन्सी म्हणजे डोळे भरणारा, कलमं बांधणारा गडी. जंगली गुलाबाच्या खुंटाला चीर द्यायची, त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. दिवसाला दोनशे खुंट. निवृत्तीनंतर घरात बसवेना तेव्हा सदाशिवराव त्याच्या शेडमध्ये पोत्यावर मांडी घालून हे शिकले होते. दोन हिवाळे गेले, चाळीस खुंट वाया गेले, तेव्हा कुठं पहिला डोळा फुटला. त्या दिवशी ते बन्सीच्या पायांना हात लावायला वाकले होते. आता कुणी विचारलं तर पुस्तकांवरून शिकलो म्हणत.

बन्सीला पन्नाशी उलटल्यावर अक्षरओळख झाली होती; तोवर फोरमवर तो नुसते फोटो टाकायचा. तीन वर्षांपूर्वी महिनाभर खपून त्यानं फोरमवर एक लेख टाकला होता, उन्हाळ्यात भरलेला डोळा का जळतो यावर. सदाशिवरावांनी त्यातल्या एकतीस चुका लाल अक्षरांत काढल्या आणि खाली लिहिलं, आधी बाराखडी, मग बागकाम. लोक पोट धरून हसले. बन्सीनं पुन्हा तिथं एक ओळ लिहिली नाही. लेखात सांगितलेला उपाय मात्र खरा होता. त्याच उन्हाळ्यात तो करून सदाशिवरावांनी आपली रोपं वाचवली. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ते पोचले तेव्हा बन्सी शेडमध्ये पोत्यावर बसून खुंट सोलत होता. त्याची बायको मनकर्णाबाई, तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि दुसरं पोतं अंथरलं. सदाशिवराव पँट सावरत उभेच राहिले.

"आता पोतं टोचतंय व्हय, भाऊ?" मनकर्णाबाई म्हणाली.

त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. काम एका शब्दाचं आहे, असं बन्सीला सांगितलं. बन्सीनं आधी गुलाब बघायला मागितला. फोटो उघडलेला फोन हातात घेऊन तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"लई गोड उमललाय, साहेब. कुणाकुणाचा मेळ घातला?"

"तुला नावं सांगून काय करू? उच्चारता तरी येणार आहेत का?"

बन्सीनं मान हलवली आणि फोन परत दिला.

साडेचार वाजले होते. सदाशिवरावांनी मोनिकाला व्हिडिओ लावला, फोन बन्सीच्या तोंडासमोर धरला आणि तो काय बोलणार हे आधीच ठरवून टाकलं. मोनिकानं नमस्कार केला. तुम्ही आणलेले सदाशिवराव हेच का, नीट बघून सांगा, म्हणाली. खोटं सांगितलं तर दोघांचीही खाती जातील, हेही तिनं नियमाप्रमाणं बजावलं.

बन्सीनं चाकू बाजूला ठेवला. हात धोतराला पुसले. मग मान वर करून उभ्या माणसाकडं पाहिलं. बुटांपासून चष्म्यापर्यंत, सावकाश, एखादं रोप पारखावं तसं.

"अरे, हो म्हण की," सदाशिवराव खेकसले.

बन्सी फोनकडं वळला.

"नाय, ताई. म्या आणला व्हता तो माणूस येगळा."