सदानंदनं काढलेली लायब्ररी

सकाळपासून तात्या बोलेनात. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा मेंदूतल्या चिपवर चालायची. चिप सुरू होताना रुबी या संगणकभाषेत लिहिलेली एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, नेटवरून लोड करायची, आणि ती लिहिणाऱ्यानं कालच काढून टाकली होती.

त्यांच्या मुलीनं, रेवतीनं, ती लिहिणाऱ्या मिरजेच्या सदानंदला गाठलं. फोन स्पीकरवर होता.

"अहो, काढलीत कशाला?"

"आईच्या चिपसाठी लिहिली होती. ती गेली गेल्या महिन्यात. आणखी कुणी वापरतंय, हेच माहीत नव्हतं."

"चाळीस हजार माणसं मुकी झालीत, दादा!"

सदानंदनं धांदलीत जुनीच प्रत नेटवर चढवली. चाचणीसाठी घातलेलं, चिप सुरू होताच उमटणारं आईचं नेहमीचं वाक्य त्यात तसंच राहिलं.

तात्यांचे ओठ हलले. "सदा, जेवलास का रे?"



"जेवलो, आई," सदानंद म्हणाला.