माचय्यांच्या अंगणातले दोन बार

मडिकेरीच्या नगरपालिकेने म्हाताऱ्या सुभेदार माचय्यांचा त्यांच्याच अंगणात सत्कार केला आणि परगावाहून आलेल्या नव्या साहेबांनी मोठ्या हौसेने बंदुकीचे दोन बार काढायला लावले. कोडगूत एक बार म्हणजे घरात मुलगा झाला आणि लागोपाठ दोन म्हणजे माणूस गेला, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. माचय्या शाल पांघरून कॉफी पीत होते, तोच पांढऱ्या कपड्यांतली माणसं धापा टाकत चढावरून येताना दिसली. सर्वांत पुढे पूवय्या होता, लढाईत त्यांच्याच घोंगडीत झोपलेला आणि नंतर कॉफीमळ्याच्या बांधावरून भांडून अबोला धरलेला. खुर्चीतल्या माचय्यांना पाहून तो थबकला. “जिवंत आहेस होय रे, मेल्या?” “आणि तू रडतोयस!” “धुकं गेलं डोळ्यांत,” पूवय्या खेकसला. मग त्याने खांद्यावरची जुनी बंदूक उतरवली, आभाळाकडे रोखली आणि एकच बार उडवला.