दोष माणसाचा

चितेगावच्या कारखान्यातील अभियंते बद्रीनाथ यांनी लष्करी ट्रकसाठी इंजिन तापल्याची सूचना देणारा बझर तयार केला होता. मंजुरीपूर्वीच्या चाचणीत इंजिन तापले, परंतु बझर ऐकूच आला नाही. त्यात कापसाचा बोळा कोंबलेला निघाला.

"नुसता खड्डा आला तरी बोंबलतंय हे, साहेब. कान किटले पोरांचे," सुभेदार कारभारी म्हणाले.

"यंत्र निर्दोष आहे. दोष माणसाचा, असेच मी अहवालात लिहिणार," असे ठणकावून बद्रीनाथ स्वतः चालवत आणलेल्या आपल्या मोटारीकडे निघाले.

सुभेदारांनी अदबीने दार उघडले. चालकाचा सीटबेल्ट, त्याची टुणटुण वाजू नये म्हणून, सीटच्या पाठीमागून कायमचा अडकवलेला होता.



"मग साहेब, अहवालात माणसं दोन लिहा की!"