संस्थापकांचा पियानो

"जुळवून घ्या," परीक्षक दुसऱ्यांदा म्हणाले आणि त्यांनी संस्थापकांच्या पियानोवरची तीच पट्टी पुन्हा दाबली.

"जुळलेलं आहे, सर." मुलीने व्हायोलिनच्या खुंट्यांना हातही लावला नाही.

पियानोमागच्या स्टुलावर बसलेल्या वाद्य जुळवणाऱ्याने कपाळावर हात मारला. घरून निघताना त्याने लेकीला तीनदा बजावले होते: आधी पियानो ऐक, तारा उतरव आणि मुकाट्याने वाजव. वयाच्या अटीमुळे या संगीतसंस्थेची ही तिची शेवटची प्रवेशपरीक्षा होती. ती त्याची मुलगी आहे, हे त्या दालनात कोणालाच ठाऊक नव्हते.

पियानो जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरलेला होता. तारांच्या खुंट्या धरणारे आतले लाकूड मऊ पडले होते. तारा कितीही ओढल्या तरी तासाभरात सैल होत. ते लाकूड बदलावे, असे त्याने अकरा वर्षांत अकरा वेळा लिहून दिले होते. संस्थापकांच्या वाद्याला करवत लागणार नाही, असे अकरा वेळा उत्तर आले होते. मधल्या काळात संस्थेच्या 'धीरगंभीर स्वरा'ची कीर्ती देशोदेशी पोहोचली होती आणि त्याची मीमांसा करणारे दोन ग्रंथही निघाले होते.

"शंभर वर्षं इथे येणारा प्रत्येक जण ह्याच पियानोशी जुळवून घेतोय," प्राचार्यबाई म्हणाल्या. "मोठमोठे वादक ह्याच्यापुढे वाकलेत. आणि तू म्हणतेस, हा चुकतोय?"

"मी कुठे तसं म्हटलं? माझं जुळलंय, एवढंच म्हटलं."

"जीभ बरी चालते हो," परीक्षकांनी पेनाचे टोपण काढले. "मग नाव खोडू?"

वाद्य जुळवणारा ताडकन उठला. त्याने खिशातला नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा पियानोच्या झाकणावर टेकवला. एक स्वच्छ, सरळ स्वर दालनभर उभा राहिला.

"हा ऐका! हा खरा! सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, पण ऐकतंय कोण?"

तो नाद पूर्ण विरेपर्यंत सगळे अदबीने थांबले.

"काटा जुना झालाय हो तुमचा," प्राचार्यबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "कार्यालयात अर्ज द्या. नवा मागवू."

मुलीने एकवार त्याच्या हातातल्या काट्याकडे पाहिले, एकवार उघड्या पेनाकडे. मग तिने एकेक खुंटी उलटी पिळली आणि चारही तारा पियानोपर्यंत खाली आणल्या. ती वाजवू लागली, तसे परीक्षकांनी डोळे मिटले.

"आता कसं! हा आपला स्वर," ते म्हणाले आणि तिच्या नावापुढे त्यांनी सही केली.

व्हायोलिन पेटीत ठेवून ती पियानोमागे गेली.

"बाबा, तो काटा टाकू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "सुट्टीत घरी आले की लागेल मला."