खरं कारण

“हात पुढे कर,” डॉ. तुळजाजी म्हणाले.

सेतुमाधवने दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरली. डॉक्टरांनी चष्मा सारखा करून बोटांच्या टोकांकडे बराच वेळ पाहिलं. एकही बोट हललं नाही.

“हात तर स्थिर आहेत. मग?”

टेबलावर पुढच्या शिक्षणाचा अर्ज पडला होता. सर्जरीत साऱ्या मद्रासेत पहिल्या आलेल्या त्यांच्या मुलाने त्यावर ‘त्वचारोग’ लिहिलं होतं.

“सांगितलं ना, अप्पा. त्या विभागात अवेळी बोलावणं येत नाही. रोज घरी येऊन जेवता येतं.”

“हे काही कारण नव्हे.”

कालच ते इस्पितळात जाऊन मुलाच्या सर्जरीतल्या साहेबांना भेटून आले होते. रक्त पाहून त्याला भोवळ येते का? त्याच्या हातून कुणी दगावलं का? कुणाशी वाजलं का? साहेब उलट म्हणाले, “त्याला माझ्याकडेच पाठवा.” डॉक्टरांचा संशय आणखी बळावला. सगळं इतकं ठीक असताना माणूस खरूज-नायटे बघायला जातो, म्हणजे नक्की काहीतरी दडवतोय.

सून काफी घेऊन आली.

“चंद्रिका, खरं सांग. हे तुझंच सांगणं ना?”

“माझं?” तिने पेला खाली ठेवला. “मला तर वाटलं, तुम्हीच सांगितलंत, मामंजी. चार दिवस मनातल्या मनात तुमच्यावर चिडले होते मी.”

ती आत गेली तरी डॉक्टर तिच्या पाठीकडे बघत राहिले. पोट दुखतं म्हणणाऱ्याचं दुखणं भलतीकडेच असतं, हे तीस वर्षं पाहिलेलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. झोप लागते का? भूक? कुणी धमकावलंय? विलायतेला जायचा विचार आहे? माझ्या हाताखाली काम करायला नको, म्हणून का?

“नाही, अप्पा.” सेतुमाधव प्रत्येक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत होता. पेल्यातली काफी निवून गेली.

शेवटी डॉक्टरांना तेच खटकलं.

“तासभर मी तुला आरोपीसारखं उलटसुलट विचारतोय. तुला राग कसा येत नाही?”

“राग कसला? आपण दोघं एवढा वेळ कधी बोललो होतो, अप्पा?”

डॉक्टरांनी त्याचा चेहरा निरखून पाहिला. तो टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

खालच्या दवाखान्यातून गुंडो कंपाउंडरने हाक मारली, “डॉक्टर, पेशंट खोळंबलेत!” थोड्या वेळाने पुन्हा मारली.

डॉक्टर उठले नाहीत. आपण दोघं एवढा वेळ कधी बोललो होतो, ते आठवून पाहत होते.